आजोबांच्या दाखल्यावरचा एक्स

वाचकांचं पत्र:

माझं माहेरचं आडनाव झेलवणकर. आमच्या दोन घरांपलीकडे हे आडनाव कुणाचं असल्याचं ऐकिवात नाही. काका सांगतात, आपण मूळचे काश्मीरचे, झेलम नदीच्या काठचे, म्हणून झेलवणकर. आजोबांचा जन्म मडगावचा. पुढे ते नोकरीला मुंबईस गेले, वडिलांची शाळा गिरगावात झाली. कुळदेव जांबावलीचा श्री दामोदर. आजोबांचा पोर्तुगीज जन्मदाखला घरात आहे, पण त्यावर आडनाव एक्सने सुरू होतं, म्हणून तो दाखलाच चुकीचा असं सगळे म्हणतात. आजीच्या पेटीत मोडीतले काही कागद आहेत, ते कुणालाच लागत नाहीत. भावाचा मुलगा विचारतो, आपलं गाव कुठलं? एक गृहस्थ पैसे घेऊन वंशावळ काढून द्यायला तयार आहेत. त्यांच्याकडे जावं का? आणि आडनाव खरंच चुकलेलं निघालं तर पोराचं आताच बदलून घ्यावं का?
– एक वाचक, फोंडा

ताई,

घरचे ज्या कागदाला चुकीचा म्हणतात, तोच तुमच्या घरातला सगळ्यांत भरवशाचा कागद आहे असं मला वाटतं. तो आधी नीट सांभाळून ठेवा. मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका, अगदी भावाच्या मुलालाही फोटोच द्या.

पोर्तुगीज लिखाणात एक्सचा उच्चार श. आपल्याकडच्या जुन्या कागदांवर शेट हे आडनाव एक्सने लिहिलेलं असतं, शांतारामही एक्सने, आणि केपे तालुक्यातलं शेल्डे गाव सरकारी रोमन पाटीवर आजही एक्सनेच लिहितात. गोव्यातल्या कारकुनाला यात अडण्यासारखं काही नव्हतं. पण मुंबईच्या शाळेत नाव घालताना समोरच्या माणसाला झेवियर माहीत होता, शेळवण माहीत नव्हतं. त्याने एक्सचा झ केला. आता तो झ काढून तिथे श ठेवा. पोर्तुगीजांकडे ळ नव्हता, ते ल आणि ळ दोन्ही एकाच अक्षराने लिहीत, तेव्हा ल च्या जागी ळ घालून बघा. शेळवणकर! केपे तालुक्यात कुडचड्याजवळ शेळवण नावाचा गाव आहे, शिक-शेळवण असं जोडीनेही म्हणतात. तुमचा दामोदर जिथे आहे ती जांबावलीही त्याच बाजूला.

हे वाचून आजच शेळवणला जायला निघू नका. दोन नावांचा उच्चार जुळला म्हणजे मूळ सापडलं असं होत नाही. काकांनी झेलम नदी जोडली तीही उच्चारावरूनच. माझा अंदाज त्यांच्या अंदाजापेक्षा बरा आहे तो एवढ्याचसाठी, की त्याच्यामागे एक कागद आहे आणि आजोबा मडगावात जन्मल्याची गोष्ट आहे. तो खरा ठरायचा असेल तर आजोबांच्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांच्या कागदांवर शेळवण हे नाव दिसायला हवं. ते कसं शोधायचं हे पुढे सांगतो.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. गावावरून पडलेलं आडनाव बहुधा गाव सोडल्यावर पडतं. शेळवणात राहणाऱ्याला शेळवणकर म्हणून हाक मारून उपयोग काय, तिथे सगळेच शेळवणचे. मडगावच्या बाजारात, देवळाच्या मंडपात, सोयरिकीच्या बैठकीत हा कुठला तो कुठला हे सांगायची वेळ येते, तेव्हा गावाचं नाव चिकटतं. म्हणजे तुमच्या घराण्यातला कुणी तरी शेळवणातून बाहेर पडला आणि दुसऱ्या गावी शेळवणकर झाला, असं धरून चालायला हरकत नाही. त्याच्या आधी घराण्याला दुसरं नाव असू शकतं: नाईक, प्रभू, पै, शेणवी, कामत, काहीही. गोव्यात अशी दुहेरी आडनावं खूप होती. एक वंशाचं किंवा हुद्द्याचं, दुसरं गावाचं, आणि पुढे सोयीप्रमाणे एक गळून पडायचं. जुन्या कागदावर आजोबांच्या आजोबांचं आडनाव तुम्हाला अनोळखी दिसलं तर तो माणूस आपला नव्हे असं ठरवून पान उलटू नका. बापाचं नाव जुळतं का ते बघा.

आता दाखल्याकडे या. तुमच्याकडे आहे तो बहुतेक संक्षिप्त उतारा असणार. तुम्हाला हवी आहे मूळ नोंदीची संपूर्ण नक्कल. तिला आपल्याकडे तेओर म्हणतात. सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत हाच शब्द वापरा, लगेच कळतं. १९१० साली पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं आणि पुढच्या काही वर्षांत गोव्यात जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद धर्म न पाहता सरकारदप्तरी होऊ लागली. त्याआधी ख्रिस्ती घरांची नोंद चर्चच्या बाप्तिस्म्याच्या पुस्तकात सापडते. हिंदू घरांसाठी इतकी सरळ सोय नव्हती. आजोबांची नोंद १९१० नंतरच्या काळातली असेल तर तुमचं निम्मं काम तिथेच होईल. कारण पोर्तुगीज जन्मनोंदीत नुसते आईबाप नसतात, बापाचे आईबाप आणि आईचे आईबापही असतात. एका पानावर तीन पिढ्या. त्या पानावर आईबापांच्या नावापुढे 'नातुराल' हा शब्द शोधा. त्याच्या पुढे जे गाव लिहिलेलं असतं तो त्या माणसाचा जन्मगाव. आजोबांच्या वडिलांच्या नावापुढे तिथे शेळवण आलं, तर माझ्या अंदाजाला पहिला आधार मिळाला. मडगाव आलं, तर एक पिढी आणखी मागे जायचं.

ही पुस्तकं बघताना अक्षरांच्या काही खोडी ठाऊक हव्यात, नाहीतर समोर असलेलं नाव दिसत नाही. पोर्तुगीज माणूस आपला ड पुष्कळदा र ने लिहितो: पेडण्याचं पेर्नें झालं, मडगावचं मारगांव, बांदोड्याचं बांदोरा. ह तो उच्चारतच नाही, म्हणून हळदोण्याचं आल्दोना आणि हळर्णच्या किल्ल्याचं आलोर्ना. शेवटी म लिहिलेला असला तर तो ओठ मिटून म्हणायचा नसतो, नुसता नाकातून काढायचा. पणजीच्या रोमन नावाला तो म तिथूनच चिकटला. केशव हे नाव जुन्या कागदावर असं लिहिलेलं असतं, की इंग्रजी शाळेत शिकलेला माणूस ते क्वेक्सोवा असं वाचील. पणतू पुस्तक पुढे ठेवून बसतो आणि पणजोबा क्वेक्सोवा म्हणून शेजारून निघून जातो. म्हणून प्रत्येक नाव मोठ्याने वाचा, पोर्तुगीज वळणाने, एक्सचा श करत. कानाला लगेच लागतं.

आणि कारकून सगळे एका शिस्तीचे नव्हते. शेणवी हे आडनाव त्यांनी एक्सने न लिहिता एसने लिहिलं, त्याचं सिनाय झालं. तुमचंही आडनाव एखाद्या पुस्तकात एसखाली असेल, एखाद्यात ल चे दोन ल असतील. शिवाय बऱ्याच जुन्या सूच्या आडनावाने नव्हे, पहिल्या नावाने लावलेल्या असतात. आडनावावर बोट ठेवून शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पणजोबांचं पहिलं नाव घेऊन जा.

ते पहिलं नाव कुठून आणायचं? भाद्रपदात घरी म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, घालतात ना, तिथून. भटजी तर्पणाला बाप, आजा, पणजा यांची नावं गोत्रासकट म्हणवून घेतात, आणि आईच्या बाजूचीही तीन नावं घेतात. बऱ्याच घरांत ही नावं एका वहीत उतरवलेली असतात, काही ठिकाणी ती वही भटजींकडे असते. काकांनी म्हाळ घातला असेल तर त्यांच्या तोंडात ही नावं आहेतच. त्यांना झेलमविषयी विचारू नका, म्हाळाची नावं विचारा. मग शिगम्याला जांबावलीला गेल्यावर कुणाच्या घरी उतरायचे, लग्नाची पहिली अक्षत कुठल्या देवाला जायची, आजीचं माहेर कुठलं, मडगावात घर कुठल्या वाड्यावर होतं, ते आपलं होतं की भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं. फोनवर आवाज भरून ठेवा. कागद सरकारी कपाटात आणखी थांबतील. काकांचं वय मला माहीत नाही, पण या कामात सगळ्यांत आधी त्यांच्याकडेच गेलं पाहिजे.

झेलमच्या गोष्टीबद्दल त्यांच्याशी वाद घालू नका. उत्तरेतून, सरस्वतीच्या काठावरून आल्याची परंपरा गोव्यातली अनेक घराणी मानतात, काकांनी ती लहानपणापासून ऐकली असणार. परंपरा ही परंपरेच्या जागी राहू द्या. एवढं मात्र खरं, की मुंबईत एका पिढीपूर्वी झ ने लिहिलं गेलेलं आडनाव काश्मीरची साक्ष देऊ शकत नाही.

दामोदराकडून मिळणारा धागा मात्र फार मोलाचा आहे. दामोदर मूळ मडगावचा. सोळाव्या शतकात मडगावच्या भोवतालच्या साष्टी भागातली देवळं मोडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव उचलून पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर नेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, आणि मडगावचा दामोदर जांबावलीला. केपे-सांग्याचा तो मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात आला तो पार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणून त्याला नव्या काबिजादी म्हणतात. ज्यांचा कुळदेव दामोदर, त्यांची मुळं मडगावात असण्याची शक्यता मोठी. तेव्हा तुमच्या घराण्याची वाट अशीही असेल: मडगावातून देवामागोमाग शेळवणच्या बाजूला, तिथे काही पिढ्या, आणि दिवस बदलल्यावर परत मडगावात, आता शेळवणकर म्हणून. मला ही शक्यता फार पटते, पण हिला आज माझ्याकडे पुरावा नाही. म्हणून भाच्याला गाव सांगताना शेळवणपाशी थांबू नका आणि मडगावही ठामपणे सांगू नका. शोधतो आहोत म्हणून सांगा, त्यालाही बरोबर घ्या.

पुरावा मिळण्यासारखी जागा म्हणजे देवस्थानच्या महाजनांची, म्हणजे देवस्थानावर वंशपरंपरेने हक्क असलेल्यांची, यादी. पोर्तुगीज सरकारने १८८६ साली देवस्थानांच्या कारभाराचा कायदा केला, पुढे १९३३ साली नवा आला. त्यानुसार प्रत्येक देवस्थानाला आपले महाजन कोण हे लेखी ठेवावं लागलं. तुमच्या घरातलं कुणी महाजन म्हणून नोंदलेलं असेल तर तिथे नाव, बापाचं नाव आणि त्या वेळचं पूर्ण आडनाव मिळेल. कार्यालयात जाऊन अर्ज द्या, आणि तुमच्याबरोबर भाऊ किंवा काका असू द्या. नोंद घराण्यातल्या पुरुषांच्या नावाने असते, लेकीला परत पाठवलं असं होऊ नये. मला हे आवडत नाही, पण तुमची खेप फुकट जाण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

कोमुनिदादच्या पुस्तकांचं नाव तुम्हाला कुणी तरी सुचवील. कोमुनिदाद म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, आणि ती पुस्तकं गावकारांची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची. गावकार, त्यांचे वांगड म्हणजे कुळगट, त्यांना मिळणारा जण म्हणजे उत्पन्नातला वाटा, असा तो हिशेब. तुमचे पूर्वज शेळवणला बाहेरून गेले असतील तर तिथल्या गावकारांत ते सापडणार नाहीत. मडगावच्या बाजूने काही निघालं तर मग बघता येईल. तिथे एकाच वांगडात हिंदूही आणि ख्रिस्तीही भेटले तर दचकू नका. बाटल्यावर आडनाव बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं मिळायचं, रक्त तेच राहायचं.

आता ज्या कागदासाठी मी तुम्हाला खरोखर आग्रह करीन तो इन्व्हेंटारियो. १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. त्यानुसार मालमत्ता असलेला माणूस वारला, की वारसांची आणि मालमत्तेची मोजदाद पुष्कळदा कोर्टात व्हायची. त्या फाइलीत वारलेल्या माणसाचं पूर्ण नाव, तो कुठला, कधी वारला, बायको कोण, मुलं किती, त्यांची वयं, कोण कुठे राहतो, सगळं शपथेवर सांगितलेलं असतं. मग घर, भाट म्हणजे बागायत, माडांची संख्या, शेत, तांब्याची भांडी, दागिने, कुणाकडून येणं, कुणाला देणं. तुमच्या पणजोबांच्या घरात काय होतं ते एकेक करून वाचायला मिळेल. आणि तिथे मुलीही असतात. आपल्या नेहमीच्या वंशावळीत बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, आणि लेकी कुठेच नाहीत. इन्व्हेंटारियोत लेकींना वाटा असतो, म्हणून त्यांचं नाव असतं, नवऱ्याचं नाव असतं, सासरचं गाव असतं. तुम्ही लेक म्हणून हा शोध घेता आहात. तुमच्या आजोबांच्या बहिणी कुठे दिल्या हे सांगणारा दुसरा कागद तुम्हाला मिळायचा नाही. त्या सासरच्या घरांत आजही कुणाला तरी तुमच्या घराचं जुनं नाव आठवत असेल, हे विसरू नका. पणजोबांच्या नावावर मडगावात घर असेल तर अशी फाइल असण्याचा संभव चांगला आहे. जिथे ते वारले तिथल्या कोर्टात चौकशी करा, जुनी प्रकरणं बऱ्याचदा पणजीच्या पुराभिलेख खात्यात असतात.

हे पुराभिलेख खातं म्हणजे १५९५ साली सुरू झालेलं दप्तर, पोर्तुगीजही आणि मोडीही कागद तिथे आहेत. आणखी एक ठिकाण लक्षात ठेवा. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, आता त्याला कृष्णदास शामा यांचं नाव आहे, सरकारी राजपत्राचे जुने खंड आहेत. हे राजपत्र १८३७ साली सुरू झालं. नेमणुका, लिलाव, वारसाच्या नोटिसा त्यात छापून यायच्या. पहिल्या दिवशीच तिकडे जाऊ नका. हातात एखादं पूर्ण नाव आणि एखादं साल आलं की जा, त्याआधी गेलात तर पानांच्या ढिगात हरवाल.

आजीच्या पेटीतल्या मोडी कागदांना प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नका. सावलीत, दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून वरून फोटो काढा, पाठकोऱ्या बाजूचेही काढा. पाठीमागे पुष्कळदा कुणी तरी दुसऱ्या हाताने दोन शब्द टिपलेले असतात आणि तेच कामाचे निघतात. मोडी जाणणारी माणसं गोव्यात आहेत, पुराभिलेख खात्यात विचारलं तर वाट दाखवतील. वाचणाऱ्याला सांगा, सगळ्यात आधी तीन गोष्टी काढून द्या: शक, गावाचं नाव, आणि 'बिन' या शब्दाच्या दोन्ही बाजूंची नावं. बिनच्या डावीकडे मुलगा, उजवीकडे बाप. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. शके १७९० म्हटलं की १८६८ किंवा १८६९. जमिनीची खरेदी किंवा कर्जाचा कागद निघाला तर गाव लिहिलेलं असणारच, आणि मोडीत श चा झ होण्याची भीती नाही. शेळवणकर असेल तर तिथे शेळवणकरच लिहिलेलं असेल. माझ्या अंदाजाचा निकाल कदाचित तुमच्या घरातल्या पेटीतच लागेल, म्हणून काकांनंतर पेटी, आणि कचेऱ्या त्यानंतर.

कुणी गोकर्णला जायला सांगितलं तर तेही वाया नाही. तिथल्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थाच्या भटजींच्या, वह्यांत गोव्यातल्या घराण्यांच्या नोंदी असतात. आजोबा किंवा पणजोबा कुणाचं श्राद्ध करायला तिथे गेल्याचं काकांना आठवत असेल, तर ज्यांच्याकडे उतरले त्या उपाध्यांचं घर विचारून घ्या.

पैसे घेऊन वंशावळ काढून देणाऱ्या गृहस्थांविषयी. कागदाची नक्कल, पान क्रमांक, पुस्तक क्रमांक देणार नसतील तर एक रुपया देऊ नका. रंगीत झाड काढून त्यावर दहा पिढ्या लिहिणं सोपं आहे. पोर्तुगीज नोंद वाचून भाषांतर करून देणारा माणूस मिळाला तर त्याला त्या कामाचे पैसे जरूर द्या, ते कष्टाचं काम आहे. रक्ताच्या नाहीतर थुंकीच्या चाचणीने आडनाव कळत नाही, तो खर्च टाळा.

राहिला आडनाव बदलण्याचा प्रश्न. आता बदलू नका. गोव्यात १९९०चा नाव-आडनाव बदलाचा कायदा आहे, उद्या पुरावा हातात आल्यावर त्या वाटेने जाता येईल का, हे तुमच्या भावाला विचारता येईल. पण पोराची शाळा, आधार, पुढे पासपोर्ट, आणि गोव्यातल्या मालमत्तेत त्याचा वाटा असेल तर त्याचे कागद, या सगळ्यांवर एकच नाव असणं फार गरजेचं आहे. तुमच्या वडिलांचं नाव एका ठिकाणी झ ने आणि आजोबांचं एक्सने असल्यामुळे वारसाच्या कामात आधीच अडचण येऊ शकते. तशी वेळ आली तर दोन्ही नावांची व्यक्ती एकाच घराण्यातली, हे वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून घ्यावं लागेल आणि त्यालाही तेओरच लागेल. म्हणून तेओरच्या दोन प्रती काढा. एक तुमच्याकडे ठेवा, दुसरी भावाला द्या.